घरांतील विजेचा बोर्ड

छत्रपति संभाजीनगराहून गंगापूर, वैजापूर किंवा कन्नड तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत गेल्यास जुन्या माळवदाच्या घरांतही विजेचा दिवा दिसतो. २०१७ सालीं सुरू झालेल्या सौभाग्य योजनेंत ज्यांस प्रथमच वीज मिळाली, त्यांस मीटर व एका दिव्यापुरती जोडणी देण्यांत आली. परंतु एका दिव्यावर घर थांबत नाहीं. पुढें पंखा येतो, ओसरींत व गोठ्यांत दिवा लागतो, आणि ही सारी वाढ घरचा कोणी हौशी मनुष्य मिळेल त्या तारेनें करितो. बोर्ड मात्र तोच राहतो. तो काय सांभाळतो आणि काय सांभाळीत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं जाणून घ्यावें असें आम्हांस वाटतें.

बोर्डावर चिनी मातीच्या खोबणींत बसविलेली बारीक तार म्हणजे फ्यूज. ती मुद्दामच अशक्त ठेविलेली असते; प्रवाह फार वाढला कीं ती वितळते आणि भिंतीवरील तार जळण्यापूर्वीं वीज थांबते. दिव्यांच्या फांट्यास ६ अँपियर पुष्कळ होतात. २३० व्होल्टवर त्यांतून १,३८० वॉट मिळतात, आणि ९ वॉटचे दहा एल.ई.डी. दिवे अवघे ९० वॉट घेतात. पण थंडींत त्याच फांट्यावर पाणी तापविण्याचा १,५०० वॉटचा रॉड व जोडीला १,००० वॉटची इस्त्री लावली कीं प्रवाह अकरा अँपियरच्या घरांत जातो, आणि आज ना उद्यां फ्यूज उडतो. मग घाईंत कोणी तेथें तांब्याची जाड तार पिळून बसवितो. दिवा लागतो, घरचे समाधान पावतात. परंतु त्या क्षणापासून घराची तारच फ्यूज झालेली असते, आणि ती वितळलीच तर माळवदाच्या लांकडांपाशीं वितळेल!

हें तारेच्या रक्षणाचें झालें. मनुष्याचें काय? फ्यूज असो वा त्याच्या जागीं हल्लीं बसवितात तो एम.सी.बी. असो, ६ अँपियरपर्यंत दोघेही स्वस्थ असतात. मनुष्याच्या छातींतून ह्याचा दोनशेवा भाग, म्हणजे ३० मिलिअँपियर, गेला तरी श्वास कोंडूं शकतो. थोडा अधिक गेल्यास हृदयाची गति बिघडते. सोललेली तार घराच्या पत्र्यास टेकलेली असावी, त्याच पत्र्यास कपडे वाळविण्याची तार बांधलेली असावी, आणि आईनें ओलें लुगडें तिच्यावर टाकावें, एवढ्यानें अनर्थ होतो, आणि बोर्डास त्याची वार्ताही नसते.

ह्यासाठीं आर.सी.सी.बी. नांवाचें निराळें उपकरण आहे. जाणारा व परतणारा प्रवाह तें सतत ताडून पाहतें. घरगुती उपकरण ३० मिलिअँपियरचें घ्यावें. तितका फरक पडतांच, वीज भलत्या वाटेनें जमिनींत जात आहे असें समजून तें क्षणार्धांत दोन्ही तारा तोडतें. त्यावरील 'टी' अक्षराचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. खटका न पडल्यास तें बदलून घ्यावें. कोरड्या लांकडावर उभें राहून दोन हातांनीं दोन तारा धरणाऱ्यास मात्र तेंही वांचवूं शकत नाहीं.

राहिलें अर्थिंग. कोळसा व मीठ घालून केलेला खड्डा पावसाळ्यांत चांगला चालतो. वैशाखांत आमच्याकडील काळी जमीन भेगाळली कीं त्यांतून वीज जमिनींत सुखानें उतरत नाहीं. तेव्हां उन्हाळाभर त्यांत अधूनमधून घागरभर पाणी ओतावें. एका घरीं आम्हीं तो खड्डा मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवरच केलेला पाहिला. तेथें पाणी ओतण्याची आठवण कोणासही ठेवावी लागत नाहीं.