गंगेवरच्या मालवाहतुकीचा ताळेबंद

दूधविनायक म्हणजे वाराणसीतला छोटासा महाराष्ट्रच! दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. इथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की ट्रक आत शिरणे अशक्य. तांदळाचे पोते असो वा गॅसचा सिलिंडर, शेवटचा पल्ला हातगाडीवरून नाही तर माणसाच्या खांद्यावरूनच पार पडतो. पण हा माल काशीपर्यंत येतो कसा आणि त्यासाठी इंधन किती जळते, याचा विचार आपण कधी केला आहे का?

एकेकाळी माल गंगेतूनच येत असे. चुनारचा दगड नावांतून काशीला येई. १८३४ मध्ये कलकत्त्याहून अलाहाबादपर्यंत आगबोटही धावू लागली. मात्र रेल्वे आली, १८८७ मध्ये राजघाटचा पूल झाला आणि माल हळूहळू रुळांवर व पुढे रस्त्यावर गेला.

नदीची आठवण पुन्हा झाली ती १९८६ मध्ये. त्या वर्षी हल्दिया ते अलाहाबाद (आजचे प्रयागराज) हा १,६२० किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ ठरला आणि भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची स्थापना झाली. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी काशीसमोरच्या तीरावर, रामनगर येथे मालधक्क्याचे उद्‌घाटन झाले. कोलकात्याहून १६ कंटेनर घेऊन निघालेले जहाज तेथे लागले.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एक लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने सुमारे २४ किलोमीटर जातो, रेल्वेने ८५, तर पाण्यातून १०५ किलोमीटर! खर्च कमी आणि धूरही कमी.

वर्षाचे आकडेही उत्साह वाढवणारे आहेत. देशातील राष्ट्रीय जलमार्गांवरून २०१३-१४ मध्ये सुमारे १.८ कोटी टन माल गेला होता. २०२३-२४ मध्ये हा आकडा १३.३ कोटी टनांवर, तर २०२४-२५ मध्ये साडेचौदा कोटी टनांच्या आसपास पोहोचला. मात्र हे आकडे जपून वाचायला हवेत. २०१६ मध्ये जलमार्गांची संख्या ५ वरून १११ झाली. त्यामुळे आपल्या रायगड जिल्ह्यातील अंबा नदीसारख्या खाड्यांतून पोलाद कारखान्यांकडे जाणारा कच्चा मालही या बेरजेत धरला जातो. म्हणून देशाचा आकडा वाढला, म्हणजे काशीचा मालधक्काही तेवढाच गजबजला, असे समजू नये.

काशीची खरी अडचण पाण्याची आहे. उन्हाळ्यात पात्र उथळ होते आणि गाळ साचतो. गाझीपूर ते वाराणसी या टप्प्यात किमान २.२ मीटर खोली राखण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी गाळ सतत उपसावा लागतो. शिवाय जहाज भरून आले आणि रिकामे परतले, तर नफा कुठून होणार?

ताळेबंदाला खर्चाची दुसरी बाजूही आहे. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सात किलोमीटर पात्र १९८९ पासून कासवांचे अभयारण्य होते. गोड्या पाण्यातील कासवांसाठी असे अभयारण्य देशात दुसरे नव्हते. २०२० मध्ये त्याचा दर्जा काढून घेण्यात आला. गंगेतली डॉल्फिन तर जवळजवळ आंधळीच; आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ती वाट शोधते. यंत्रांचा गोंगाट वाढला, तर तिने काय करावे?

जमेच्या बाजूला काही गोष्टी नक्कीच आहेत. घाटांवरच्या अनेक नावांची डिझेल इंजिने जाऊन सीएनजी इंजिने आली. कोचीच्या गोदीत बांधलेली हायड्रोजनवर चालणारी प्रवासी बोट डिसेंबर २०२५ मध्ये काशीत सुरू झाली.

घरखर्चाच्या वहीत आपण जमा आणि खर्च दोन्ही लिहितो. गंगेच्या वहीतही तसेच व्हावे. किती टन माल गेला, याच्या शेजारी किती इंधन वाचले, किती गाळ उपसला आणि कासवे व डॉल्फिन किती उरल्या, हेही दरवर्षी लिहिले जावे. त्यानंतरच नदीची वाहतूक स्वस्त पडली की महाग, हे ठरवता येईल.