वृत्तछायाचित्रातील डिजिटल फेरफार : एक नैतिक प्रश्न
मार्च २००३ मध्ये इराक युद्धात बसराजवळ एक ब्रिटिश सैनिक नागरिकांना आडोसा घेण्याची खूण करीत होता. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी काही क्षणांच्या अंतराने टिपलेली दोन छायाचित्रे संगणकावर जोडून एकच, अधिक परिणामकारक छायाचित्र सिद्ध केले. पार्श्वभूमीतील काही माणसे त्यात दोनदा दिसल्याने हा प्रकार उघडकीस आला व वॉल्स्की यांना नोकरी गमवावी लागली. त्यात सैनिक खरा, नागरिकही खरे; परंतु छायाचित्रातील तो क्षण मात्र घडलाच नव्हता. वाचक वृत्तछायाचित्राकडे साक्ष म्हणून पाहतो, म्हणूनच ही फसवणूक ठरते. छायाप्रकाशाचे माफक संतुलन अंधारखोलीतही साधले जात असे. त्यास आक्षेप नसावा. त्यामुळे माणसांच्या जागा बदलत नाहीत.