बारीक दिसतो, पण बारीक आहे का?

आधीच सांगून टाकते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीत लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. काही चुकलंमाकलं तर एटीकेटी द्या, एकदम वायडी करू नका!

हा विषय मला सुचला तो घरून आलेल्या एका फोनमुळे. मागच्या सेमिस्टरला सबमिशनची धामधूम चालू होती. रात्री मी जर्नल पूर्ण करत बसले होते आणि आईचा फोन आला, "बाबांची शुगर खूप जास्त निघालीये." माझा विश्वासच बसेना. आमचे बाबा म्हणजे काडीपैलवान! उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. लग्नातला शर्ट त्यांना अजून होतो आणि याचा त्यांना भारी अभिमान. "शुगर जाड्या लोकांना होते" असं म्हणत त्यांनी कित्येक वर्षं साधी रक्ततपासणीसुद्धा केली नव्हती. मी लगेच कॅल्क्युलेटरवर त्यांचा बीएमआय काढला. आला २२. म्हणजे एकदम नॉर्मल. मग डायबेटीस आला कुठून?

शोधायला लागले तेव्हा कळलं, की या प्रश्नावर जगाला विचार करायला लावणारं संशोधन आपल्याच पुण्यात झालंय. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये. (मुंबईचं केईएम वेगळं, हे पुण्याचं!) आणि गंमत म्हणजे त्यात आपल्या इंजिनिअरिंगचाही मोठा वाटा आहे.

दोन डॉक्टर, एक बीएमआय

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र मुळात कुणा डॉक्टरचं नाहीच. केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने ते १८३० च्या दशकात मांडलं. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर १९७२ साली मिळालं. वजनकाटा आणि टेप असली की काम होतं, म्हणून जगभर तेच वापरलं जातं. पण वजनकाट्याला काय कळणार, की वजन स्नायूंचं आहे की चरबीचं?

२००४ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका पानाचा एक लेख आला. लेखक दोघंच, पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. फोटोत दोघं सारखेच सडपातळ दिसतात. पण अंगातली चरबी मशीनवर मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! समजा दोघांचं वजन ६५ किलो धरलं, तर एकाच्या अंगात ६ किलो चरबी आणि दुसऱ्याच्या जवळजवळ १४ किलो. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या कोड्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. डॉक्टरांनी स्वतःलाच सॅम्पल केलं, हे मला फार आवडलं.

कँटीनचं बिल आणि एक्सरे

आता प्रश्न असा, की माणूस न कापता त्याच्या आतली चरबी मोजायची कशी? त्या दोघांची मोजली ती 'डेक्सा' नावाच्या मशीनवर. नाव भारी आहे, पण आतलं गणित आपण शाळेतच शिकलोय. दोन समीकरणं, दोन अज्ञात.

समजा, तुमच्या रूममेटने काही चहा आणि काही वडापाव घेतले, पण किती ते सांगत नाही. कँटीनमध्ये चहा १० रुपये, वडापाव २० रुपये. बिल झालं ७०. आता नुसत्या ७० वरून काही कळत नाही. सात चहा असतील, नाहीतर तीन चहा आणि दोन वडापाव. पण तीच ऑर्डर बाहेरच्या टपरीवर दिली, जिथे चहा ८ आणि वडापाव १५ रुपये, तर बिल होतं ५४. आता सोडवा बरं! तीन चहा, दोन वडापाव. चोरी पकडली.

डेक्सामध्ये हेच होतं. एक्सरे शरीरातून जाताना कमी होत जातो. किती कमी होतो ते मधे काय आहे आणि किती आहे, यावर अवलंबून. चरबी आणि स्नायू म्हणजे चहा आणि वडापाव. दोन वेगळ्या ऊर्जांचे एक्सरे म्हणजे कँटीन आणि टपरी. साधारण ४० आणि ७० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट अशा दोन ऊर्जा वापरतात. प्रत्येक ठिकाणी दोन 'बिलं' मिळतात आणि समीकरणं सुटतात. रेडिएशनचा डोस छातीच्या साध्या एक्सरेपेक्षाही बराच कमी.

इथे एक मेख आहे. टपरीवर सगळंच कँटीनच्या बरोबर निम्म्या भावात असतं, तर दुसऱ्या बिलातून नवीन काहीच कळलं नसतं. एम-टूच काय, एम-थ्रीवाल्या सरांनाही ते सुटलं नसतं. डिटर्मिनंट शून्य! म्हणून ऊर्जा अशा निवडाव्या लागतात, की दोन्हीकडचे 'भाव' वेगवेगळ्या प्रमाणात बदलतील. हे काम इंजिनिअरचं.

आणि जिथे मधे हाड येतं तिथे? तिथे अज्ञात तीन होतात आणि बिलं दोनच. मग कॉम्प्युटर आजूबाजूच्या, हाड नसलेल्या जागेवरून अंदाज बांधतो. म्हणजे डेक्साचा आकडाही पूर्णपणे 'मोजलेला' नसतो, थोडा 'हिशोब केलेला' असतो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शिवाय चरबी कातडीखाली आहे की पोटात खोल, हे डेक्साला नीट सांगता येत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो.

मुळात सुरुवात कुठून?

आपल्या लोकांत ही लपलेली चरबी येते कुठून? उत्तर शोधायला केईएमच्या टीमने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. बायकांची गरोदर होण्याआधीपासून मोजमापं घेतली आणि मग बाळांची. या बाळांचं सरासरी वजन निघालं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. म्हणजे आपली बाळं बरीच हलकी. पण पाठीवरची चिमूट कॅलिपरने मोजली, तर चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. बारीक, पण आतून चरबीवाली बाळं! २००९ साली पुणे आणि लंडनच्या नवजात बाळांचे एमआरआय प्रसिद्ध झाले. त्यातही आपली बाळं वजनाने कमी, पण पोटातली चरबी जास्त, असंच दिसलं.

या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये व्हिटॅमिन बी-१२ कमी होतं. हे व्हिटॅमिन दूध, दही, अंडी, मांस-मच्छी यांतून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. पुढे मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. अर्थात, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. म्हणून २०१२ पासून याच अभ्यासातल्या, आता मोठ्या झालेल्या मुलामुलींना बी-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहायचा प्रयोग हाती घेतला गेला. ज्यांना जन्मल्याबरोबर मोजलं, त्यांच्या बाळांपर्यंत जायचं! आपल्याला चार महिन्यांचा प्रोजेक्टही लांबलेला वाटतो.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी

कॉम्प्युटरच्या मुलांनो, तुमचा के-मीन्सही इथे आहे. २०१८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी रुग्णांचं वय, बीएमआय, शुगर, इन्सुलिन किती तयार होतं, किती लागू पडतं असे आकडे क्लस्टरिंगला देऊन डायबेटीसचे पाच गट पाडले. मग २०२२ साली पुण्याच्या टीमने त्यांच्याबरोबर, ४५ वर्षांच्या आत डायबेटीस झालेल्या आपल्याकडच्या दीड हजाराहून जास्त रुग्णांचे गट पाडले. निम्म्याहून जास्त रुग्ण 'इन्सुलिनच फार कमी' या गटात निघाले. स्वीडनच्या तशा तरुण रुग्णांमध्ये मात्र लठ्ठपणाशी जोडलेला गट मोठा होता. म्हणजे आजाराचं नाव एक, पण तिकडचा आणि इकडचा नेहमी सारखा नाही. नुसतं "वजन उतरवा" सांगून सगळ्यांचं भागणार नाही.

बाबा आता सकाळी फिरायला जातात, गोळी घेतात. डॉक्टरांनी डोळे आणि किडनीही तपासायला सांगितली होती. नशिबाने दोन्ही ठीक निघालं. दोन-चार वर्षं आधी तपासलं असतं तर बरं झालं असतं, असं ते स्वतःच म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात डायबेटीसचे १० कोटींहून जास्त लोक आहेत. त्यांत असे किती 'लग्नातला शर्ट होणारे' असतील!

तेव्हा होस्टेलवासीयांनो आणि सर-मॅडमनो, दोन गोष्टी करा. एक म्हणजे वर्कशॉपमधली नव्हे, शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. बीएमआयची रेषाही आपल्यासाठी २५ वर नाही, २३ वर आहे. घरी कुणाला शुगर असेल तर बारीक असलात तरी रक्त तपासून घ्या.

आणि दुसरी, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधाल तेव्हा सीनिअर्सचे जुने रिपोर्ट चाळण्याआधी एखाद्या डॉक्टरांना भेटा आणि एवढंच विचारा, "तुम्हाला काय मोजायचंय, पण मोजता येत नाही?" मी विचारणार आहे. बाबांनाच बरोबर घेऊन जाईन म्हणते.