हाक एकाला, ओ भलत्याचीच

संपादकांना ‘इंटरनेटचा पाया’ असलं काहीतरी भारदस्त हवं होतं. मी लिनक्सच्या कर्नलमधल्या शेजाऱ्यांच्या तक्त्यापाशी पोचलो आणि तिथेच रेंगाळलो.

इतिहास थोडक्यात. आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा, इथरनेट कार्डाचा मॅक पत्ता ४८ बिटांचा. एकावरून दुसरा ओळखायचा कसा? नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ मध्ये तोडगा मांडला: सगळ्या लॅनला ऐकू जाईल असं विचारायचं, ‘हा आयपी कुणाचा?’ ज्याचा असेल, त्याने विचारणाऱ्यालाच उत्तर द्यायचं, आणि ते विचारणाऱ्याने आपल्या तक्त्यात नोंदवायचं. ही एआरपी. विनंती अवघी २८ बाइटांची.

प्लमर यांच्या पद्धतीतला क्रम मला भारी वाटतो. विनंती असो वा उत्तर, संगणक आधी पाठवणाऱ्याची जुनी नोंद सुधारून घेतो आणि मग बघतो की आलंय काय. ज्याला माझ्याशी बोलायचंय, त्याच्याशी मलाही बोलावं लागणार, हा हिशेब. ओळखपत्र कुणी मागत नाही. खोटी उत्तरं पाठवून दुसऱ्याची वाहतूक आपल्याकडे वळवणाऱ्यांचं फावलं ते इथेच.

लिनक्सने या भाबडेपणाला संशयाची जोड दिली. शेजाऱ्यांच्या तक्त्याचा हा भाग पेद्रो रोक आणि अलेक्सी कुझनेत्सोव यांनी लिहिला. आयपीव्ही६ आणि एआरपी दोघांचं काम त्यावरच चालतं. नोंद पक्की राहते १५ ते ४५ सेकंदांमधला कुठलातरी वेळ. आकडा मुद्दाम सैल, म्हणजे सगळी यंत्रं एकदम विचारायला उठत नाहीत. मुदत संपली की नोंद ‘स्टेल’, शिळी. पण फेकली जात नाही. पुढचं पॅकेट जुन्याच पत्त्यावर जातं. पाच सेकंद वाट बघायची. तेवढ्यात टीसीपीची पोच आली तर शेजारी जागेवर आहे, विचारायची गरजच नाही. नाहीतर त्याच मॅक पत्त्यावर, लॅनभर गलका न करता, सेकंदासेकंदाने तीनदा विचारायचं. तरी उत्तर नाही आलं, तर नोंद बाद. फ्रीबीएसडी ही दुसरी प्रणाली एकदा मिळालेल्या उत्तरावर २० मिनिटं विसंबते. मला लिनक्सचा संशयी स्वभाव जास्त आवडतो.

पण याच लिनक्सचा एक हट्ट तापदायक आहे. त्याच्या मते आयपी पत्ता यंत्राचा, कार्डाचा नव्हे. म्हणून पुढच्या दारावर मागच्या दाराच्या नावाने हाक आली तरी घर ‘ओ’ देतं. एकाच लॅनवर दोन कार्डं असली की एका आयपीसाठी दोन वेगळे मॅक पत्ते उत्तरात येतात, आणि जे उत्तर टिकेल तिकडे पॅकेटं जातात. भार वाटून देणाऱ्या व्यवस्थेत एकच आयपी अनेक सर्व्हरांवर ठेवला, तर वाटप करणाऱ्याच्या आधीच एखादा सर्व्हर उत्तर देऊन मोकळा होतो आणि सगळी गर्दी त्याच्यावर. म्हणून कर्नलची ‘एआरपी इग्नोर’ ही सेटिंग १ आणि ‘एआरपी अनाउन्स’ ही २ करायची, हे प्रशासक पाठच करून ठेवतात.

त्यात तक्त्याची कमाल मर्यादा, मुळात १०२४ नोंदी. ६५,५३६ पत्त्यांच्या लॅनवर कुणी सरसकट चाचपणी सुरू केली, की नसलेल्या यंत्रांच्या अर्धवट नोंदींनीच तक्ता भरतो. लॉगमध्ये ‘टेबल ओव्हरफ्लो’ दिसतं. जुनी जोडणी चालू, नव्या शेजाऱ्याशी मात्र बोलणं होत नाही. तक्रार येते ती ‘नेट कधी चालतं, कधी नाही’ अशी, आणि माणसं केबल बदलत बसतात. मर्यादा वाढवणं एका ओळीचं काम. लॅनचे लहान तुकडे करणं हा खरा उपाय, पण त्यासाठी पत्ते बदलावे लागतात, म्हणून तो पुढच्या वर्षावर ढकलला जातो.