नद्यांचा वेढा, डोंगरांचा आडोसा

हिमालय आणि गोबीच्या वाळवंटाने प्राचीन चीनला आडोसा दिला. तेलंगणातील आदिलाबादच्या गोंड आदिवासींना तो नद्या-डोंगरांनी दिला.

● नद्या : २०१६ च्या विभाजनापूर्वीच्या जिल्ह्याला उत्तरेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा-प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी.

● डोंगर : सातमाळा रांगा आणि सागवानाचे दाट जंगल. कडेम नदीवरचा कुंटाला धबधबा सुमारे ४५ मीटर उंच.

● संस्कृती : शेजारच्या चांद्याचे (आजचे चंद्रपूर) गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तरी आदिलाबादमधल्या उटनूरच्या डोंगराळ मुलखात गोंडी बोली आणि कुळाचार टिकले. केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेसराम कुळातील मंडळी आजही पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात.

● लढा : जोडेघाटच्या डोंगरात हैदराबादच्या निजामाच्या पोलिसांशी लढताना गोंड नेते कोमरम भीम १९४० मध्ये हुतात्मा झाले. जल, जंगल आणि जमिनीवरचा हक्क ही त्यांची मागणी होती.