पंगास माशाला शेंगदाणा पेंड का पुरत नाही?



परवा परिसर अभ्यासाच्या तासाला प्रथिनांचा धडा चालू होता. डाळी, अंडी, दूध, मासे अशी यादी फळ्यावर लिहिली, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग माशाला प्रथिनं कुठनं मिळतात?" विचारणाऱ्याच्या वडिलांनी शेततळ्यात पंगास सोडलाय. तयार खाद्य महाग पडतं म्हणून ते आता शेंगदाणा पेंड आणि तांदळाचा कोंडा निम्मा-निम्मा कालवून घालतात. मासे खातात, पण वजन काही धरत नाहीत. मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो. म्हणजे त्या घरासाठी हा प्रश्न परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

पंगास हा कॅटफिश, म्हणजे मिशावाल्या माशांपैकी एक. वाढत्या कॅटफिशच्या खाद्यात साधारण २८ ते ३२ टक्के प्रथिने लागतात. ती देण्याचा जुना सोपा मार्ग म्हणजे फिशमील. समुद्रातली बारीक मासळी उकडायची, दाबून तेल-पाणी काढायचं, वाळवून पूड करायची. तिच्यात ६० टक्क्यांहून जास्त प्रथिने असतात. जगातलं बरंचसं फिशमील पेरू देशाजवळच्या अँकोव्हेटा माशापासून बनतं. तिथलं समुद्राचं पाणी तापलं की मासळी कमी होते. १९७२ साली ती एकदम घटली होती, आणि २०२३ मध्ये तिथल्या सरकारला पहिला हंगामच रद्द करावा लागला. मग फिशमीलचा भाव जगभर चढतो. शिवाय, माणसाला खाता येईल असा मासा दळून दुसऱ्या माशाला घालायचा, हे मला तरी पटत नाही.

म्हणून पर्याय शोधायचा. आता थोडं गणित करू. ५० किलो शेंगदाणा पेंड, तिच्यात ४५ टक्के प्रथिने धरली तर २२.५ किलो. ५० किलो कोंडा, १२ टक्क्यांनी ६ किलो. एकूण १०० किलोत २८.५ किलो. कागदावर हिशोब बरोबर! मग चुकलं कुठे?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. आपल्या अक्षरकार्डांचा खेळ आठवा. 'कमळ' शब्द करायचाय. क ची २० कार्डं, म ची २०, पण ळ ची फक्त ७. किती कमळं होतील? सातच. उरलेली कार्डं वाया. शेंगदाण्यात हा 'ळ' म्हणजे लायसीन नावाचं अमिनो आम्ल. कॅटफिशच्या खाद्यात दर १०० ग्रॅम प्रथिनामागे साधारण ५ ग्रॅम लायसीन लागतं. शेंगदाणा पेंडीत ते साडेतीनच्या आसपास, सोयाबीन पेंडीत सहाच्या वर. उरलेली 'कार्डं' मासा जाळून टाकतो आणि त्यातून अमोनिया पाण्यात जातो. म्हणजे पैसेही गेले, पाणीही बिघडलं. (आपण वरण-भात एकत्र खातो तेव्हा हेच होतं. भातात लायसीन कमी, ते वरणातून मिळतं.)

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कॅटफिशची मोठी तळी आहेत. तिथेही पूर्वी खाद्यात शेकडा ८-१० भाग फिशमील असायचं. आज मोठ्या माशांच्या खाद्यात ते जवळजवळ नसतंच. सोयाबीन पेंड, मका, सरकी पेंड यांवर मासे वाढतात. कॅटफिश मिश्राहारी असल्यामुळे त्याला हे चालतं. अगदी लहान पिलांना मात्र अजूनही थोडं फिशमील देतात.

पण सोयाबीन आपल्याकडे आहे म्हणून कच्चंच भरडून घालायचं नाही हं! कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनाचं पचन अडवतो. उष्णता दिली की तो निकामी होतो. बाजारात मिळणारी डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, भाजलेली असते. सरकी पेंडीत गॉसिपॉल असतं, ते लायसीनलाच धरून बसतं, म्हणून ती बेतानं वापरायची. शेंगदाणा पेंडीचं तर पावसाळ्यात बघायलाच नको. ओल लागली की बुरशी, आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष.

आणखी एक पर्याय सांगितला तेव्हा सगळा वर्ग "ईऽऽ" करून ओरडला! ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या. त्या भाजीपाल्याच्या कचऱ्यावर दोनेक आठवड्यांत वाढतात, आणि वाळवल्यावर त्यांच्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. लायसीनही चांगलं. तळ्यातल्या माशाला किडे नवीन नाहीत, ओरडतो आपणच.

मात्र पर्याय म्हणजे काहीही नव्हे. कोंबडीच्या दुकानातली आतडी तळ्यात टाकून आफ्रिकन मांगूर वाढवणारे लोक आहेत. पाणी सडतं ते सडतंच, शिवाय या माशाच्या पालनावर २००० सालापासून आपल्या देशात बंदी आहे.

त्या मुलाच्या वडिलांनी आता निम्मी शेंगदाणा पेंड काढून तिथे सोया डीओसी घातलीय. दर पंधरा दिवसांनी दहा मासे काढून तो वजन लिहून आणतो, आणि सरासरीचं गणित आम्ही त्याच्याच वहीवरून सोडवतो. पहिलं वजन येत्या सोमवारी येईल.