चौघांचं अर्धं सत्य

सिनेमा नव्हता, तेव्हाच त्याचा ट्रेलर होता. जोएल आणि ईथन कोएन या भावांकडे पटकथा होती, पैसा नव्हता. जोएलने 'द ईव्हिल डेड'च्या संकलनात साहाय्यक म्हणून काम केलं होतं. त्या चित्रपटाचा दिग्दर्शक सॅम रायमी याने त्यांना वाट दाखवली: आधी ट्रेलर काढा, तो दाखवून पैसे मागा. मग मिनेसोटात प्रोजेक्टर घेऊन लोकांचे उंबरे झिजवणं सुरू झालं. १९८२ साली टेक्सासमध्ये आठ आठवडे चित्रीकरण झालं. साधारण १५ लाख डॉलरमध्ये उभा राहिलेला 'ब्लड सिंपल' १९८४ मध्ये महोत्सवांतून लोकांसमोर आला.

गोष्ट वरवर जुनीच आहे. बारमालक मार्टीची बायको ॲबी त्याच्याच नोकराच्या, रेच्या, प्रेमात पडते. मार्टी दोघांना संपवण्याची सुपारी एका खासगी गुप्तहेराला देतो, दहा हजार डॉलरची. गुप्तहेर खोटे फोटो करून खून झाल्याचं भासवतो, पैसे घेतो आणि ॲबीच्याच पिस्तुलाने मार्टीला गोळी घालतो.

खरा सिनेमा इथून पुढे आहे. रे थकलेला पगार मागायला येतो. त्याला खुर्चीत निपचित मार्टी दिसतो, जमिनीवर ॲबीचं पिस्तूल. खून तिनेच केला, असं तो धरून चालतो आणि तिला वाचवण्यासाठी रक्त पुसायला लागतो. पण ते पुसलं जात नाही, नुसतं पसरत जातं. पुढे 'प्रेत' गाडीतून नेताना निर्जन रस्त्यावर कळतं की मार्टी अजून जिवंत आहे. तो डांबरावरून सरपटतो आहे, रे हातात फावडं घेऊन उभा आहे आणि समोरून ट्रकचे दिवे जवळ येताहेत. या साऱ्या भागात संवाद जवळजवळ नाहीतच. माणूस मारणं किती किळसवाणं आणि दमवणारं काम आहे, हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारे थरारपट मी फार थोडे पाहिलेत.

चौघांपैकी प्रत्येकाकडे सत्याचा एकेक तुकडा आहे. सगळं ठाऊक आहे ते फक्त आपल्याला. म्हणून रे ॲबीला "सगळं साफ केलं" अशा अर्थाचं काही सांगतो आणि ती गोंधळते, तेव्हा खुर्चीत चुळबुळ आपली होते. सूड उगवणाऱ्याला सूड कुणावर उगवतोय हेच कळेनासं होतं. दगाफटक्यापेक्षा हा गैरसमज जास्त जीव घेतो. असा ताण पैशाने विकत मिळत नाही, तो पटकथेतच घडवावा लागतो. चार माणसं, एक बार, दोन-तीन खोल्या आणि एक शेत यांत सगळं भागलं, ते त्यामुळेच.

ॲबी झालेल्या फ्रान्सिस मॅकडॉरमंडचा हा पहिला चित्रपट. संगीतकार कार्टर बरवेलचाही पहिलाच. १९८५ मध्ये, पुढे सनडान्स म्हणून ओळखल्या गेलेल्या महोत्सवात चित्रपटाला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. २००९ मध्ये चांग यिमू यांनी हीच गोष्ट चीनमधल्या एका नूडलच्या दुकानात नेली.

पाहाल तेव्हा मार्टीच्या टेबलावर गुप्तहेर विसरून जातो त्या लायटरवर लक्ष ठेवा. त्याच्या धास्तीने तो पुढे आणखी रक्त सांडतो, आणि लायटर शेवटपर्यंत टेबलावरच्या मेलेल्या मासळीखाली तसाच पडून राहतो.